सात कामांचं यंत्र आणि आक्काचा कोयता

पॅटर्नमेकरची फूटपट्टी खोटी असते. खोटी म्हणजे चोरटी नव्हे, मोठी. बाजारातल्या फुटापेक्षा आमचा फूट सूतभर, म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा, जास्त. वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, साच्यात ओतलं की निवताना ते आकसतं, फुटामागं साधारण एक सूत. म्हणून लाकडाची वस्तू आधीच तेवढी मोठी करायची, म्हणजे बिडाची वस्तू बरोबर मापात निघते. असल्या खोट्या पट्टीनं मी जन्मभर खरी कामं केली.

लोकांना वाटतं, इंजिन लोखंडाचं असतं. ते आधी लाकडाचं असतं हे फक्त सुताराला आणि मोल्डरला ठाऊक. मी सुतार. सागवानाचा पॅटर्न करून द्यायचा, मोल्डरनं तो वाळूत दाबून काढून घ्यायचा, आणि त्या पोकळीत भट्टीतलं बीड ओतायचं. पॅटर्नवर नखाचा ओरखडा राहिला तरी तो वाळूत उतरतो, वाळूतून बिडात उतरतो, आणि शंभर नग ओतले तर शंभरांवर उतरतो. त्यामुळं माझा हात पॉलिशपेपरवरून उठत नसे. माझ्या पॅटर्नला दुसऱ्या कुणी नुसतं बोट लावलं तरी माझं डोकं फिरायचं. एकदा एका फिटरनं माझ्या पॅटर्नवर चहाची कपबशी ठेवली होती. त्याच्याशी मी सहा महिने बोललो नाही.

या अंकासाठी संपादकांनी मला कोल्हापूरच्या ऑइल इंजिनांवर लिहायला सांगितलंय. इंजिनांवर लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या घरी फोटोपण आहेत. मी लिहिणार आहे एका हातयंत्रावर. ते माझ्या धाकट्या सुनेच्या ओट्याखाली अजून पडलंय. वर मिक्सर गुरगुरत असतो, आणि खाली ते गप बसलेलं असतं.

संस्थान विलीन होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. आमचे मालक दत्ताजीराव. धोतर, कोट, डोक्याला पटका आणि कोटाच्या खिशात कायम खडू. त्यांना काहीही सुचलं की ते शेडच्या फरशीवर उकिडवे बसून खडूनं काढायला लागायचे. आता माझा नातू डिझाइनच्या कॉलेजात जातो आणि याला कन्सेप्ट का कायसं म्हणतो. आमच्याकडं त्याला ‘खडू मारणं’ म्हणायचे. मालकांनी खडू मारला की झाडणारी बाईसुद्धा तेवढी फरशी सोडून झाडायची.

दसऱ्यानंतर एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. त्यांच्या हातात कुठल्या तरी विलायती मालाचं चित्रांचं पुस्तक होतं.

“येशवंता, हे बघ. मडमेच्या घरात एकच यंत्र हाय. त्येच पीठ मळतंय, त्येच भाजी कापतंय, त्येच घुसळतंय.”

“मालक, ते विजेवर चालतंय. आपल्यात किती घरांत वीज हाय?”

“मग आपण हातावर चालवू. शेतकऱ्याला आपण इंजिन दिलं. आता त्येच्या बायकूला काय तरी द्याला नको? चैत्रात प्रदर्शन भरतंय. तिथं आपलं सात कामांचं यंत्र पायजे म्हंजे पायजे!”

सातच का, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. चटणी वाटणं, पुरण वाटणं, शेवया-कुरडया पाडणं, खोबरं किसणं, शेंगदाण्याचं कूट, ताक घुसळणं आणि खिमा करणं, अशी सात कामं त्यांनी फरशीवर लिहून काढली. मधे एक हँडल काढलं आणि त्याला सात रेघा जोडल्या. मी उभा राहून बघत होतो, आणि खरं सांगतो, माझ्या अंगावर रोमांच आले. इंजिनाचे भाग दुसऱ्याच्या नकाशावरून करायचे असतात. हे आमचं स्वतःचं होणार होतं.

आणि मला आक्का आठवली.

तानूआक्का माझी थोरली बहीण. तिचा नवरा लवकर गेला. मंगळवार पेठेत दोन खोल्या भाड्यानं घेऊन ती उन्हाळाभर घरोघरच्या चटण्या करून द्यायची. आमच्याकडं कांदालसणाची चटणी वर्षाची एकदम करतात, आणि आक्काच्या हातची चटणी म्हटली की माणसं फाल्गुनातच नंबर लावायची. त्यावर ती आणि तिची शालन जगत होत्या. शालन सातवीत होती, वर्गात पहिली-दुसरी यायची.

त्या वर्षी श्रावणात पंचगंगेच्या घाटावर वाकळा धुताना आक्का पाय घसरून पडली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. हाड बसवणाऱ्यानं ते बसवलं, पण वाकडं. वरवंटा धरायला गेली की बोटं सुटायची. तिचा दीर राधानगरीकडच्या एका वाडीत भातशेती करायचा. तो येऊन बघून गेला. माणूस वाईट नव्हता. पण त्यानं स्पष्ट सांगितलं, “पाव्हणं, पाडव्यापातूर बघूया. हात चालला तर ऱ्हावा म्हणावं हितं. न्हाय तर वैनीला आन् पोरीला मी घेऊन जातो. आमच्यात एक ताट जड न्हाय.”

आक्काला ते ताट नको होतं. तिथं गेली की जन्मभर दुसऱ्याच्या चुलीपुढं बसायचं, आणि वाडीत शाळा चौथीपर्यंतच. मी म्हटलं, माझ्याकडं चल. तर म्हणाली, “तुझ्या एका खोलीत तुझीच सहा माणसं हाईत. आन् एका चुलीवर दोन बायका नकोत. मी माझ्या हातावर जगलोय येशा. हातच गेला तर मग बघू.”

आमच्याकडं बायकाही ‘मी जगलोय’ असंच म्हणतात. तिचं ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं. मालकांनी खडू मारला त्याच दिवशी मी मंगळवार पेठेत गेलो आणि सांगितलं, “आक्का, यंदाची चटणी तू यंत्रावर करणार.”

“माझ्या हातानं फिरंल का ते?”

“डाव्या हातानं फिरंल.”

असं मी म्हणालो. लिहून ठेवलं असतं तर बरं झालं असतं.

पहिला नमुना मी आंब्याच्या फळ्यांचा केला. कच्चा, नुसतं रूप कळण्यापुरता. खाली मजबूत शिकंजा, म्हणजे टेबलाच्या कडेला आवळून बसवता यावा. आमच्या वर्कशॉपातला एकूण एक माणूस उभा राहून काम करतो, बेंच छातीशी असतं, व्हाइस बेंचला असतो. त्यामुळं टेबलाबद्दल कुणाच्या मनात शंकासुद्धा आली नाही. मालकांनी तो घरी नेला आणि मालकीणबाईंना, म्हणजे आमच्या वहिनीसाहेबांना, दाखवला. मीही बरोबर होतो. त्यांनी तो हातात घेऊन सगळीकडून न्याहाळला.

“चांगलं हाय. लावायचं कशाला?”

“टेबलाला,” मालक म्हणाले.

“आपल्या सैपाकघरात टेबल कुठाय?”

मालकांनी माझ्याकडं बघितलं. मी चुलीकडं बघितलं. कोल्हापुरात तेव्हा हजारात एका सैपाकघरात टेबल असेल की नाही कोण जाणे. सगळा सैपाक खाली बसून. आणि आम्ही दोन जाणते पुरुष, दोघांच्या आया जमिनीवर बसून वाटत आलेल्या, महिनाभर टेबलाचा शिकंजा घासत बसलो होतो. वहिनीसाहेब पदर तोंडाला लावून आत गेल्या. बराच वेळ आतून हसू येत होतं.

दुसरा नमुना बुटका केला, पण तो हँडल फिरवलं की फरशीवर गोल गोल फिरायचा. मग तिसरा केला सागवानाचा, आणि तो चालता केला. आत शिसवी मळसूत्र, वर जिन्नस घालायची भरणी, एका टोकाला हँडल, दुसऱ्या टोकाला चाळणी. भरणीतून घातलेला जिन्नस मळसूत्र पुढं रेटायचं आणि तो चाळणीतून बारीक होऊन बाहेर पडायचा. खाली रुंद बैठक. बाकीची सहा कामं पुढं जोडायची होती, म्हणून अंगाला ठिकठिकाणी लाकडी कान ठेवले. हा पॅटर्न नव्हता, नमुनाच होता, म्हणून खऱ्या पट्टीनं केला होता. पण काय सुरेख उतरला होता! मी त्याला पॉलिश मारलं आणि हात फिरवत बसलो.

संक्रांतीच्या सुमारास तो मी आक्काकडं नेला. शिजलेली डाळ घातली, तिनं हँडल फिरवलं, आणि पुरण पडायला लागलं. शालन टाळ्या वाजवायला लागली. आक्का मात्र अडचणीत होती. हँडल उजवीकडं होतं.

होय. डाव्या हाताचं कबूल करून मी उजव्या हाताचं यंत्र नेलं होतं. कारण कारखान्यात सगळी हँडलं उजवीकडं असतात, आणि माझ्या हातानं माझ्या नकळत तेच केलं. यंत्र उलटं फिरवून ठेवलं तर हँडल डावीकडं यायचं, पण भरणीचं कललेलं तोंड पलीकडं जायचं. आक्का कशीबशी वाकून डाळ घालत होती.

“येशा, एवढं तोंड वळव, आन् हेच दे ओतून. बाकी मला काय नको.”

“थोडं थांब आक्का. अजून सहा कामं जोडायची हाईत. ते एकदम झालं की पयला नग तुझा.”

“मला एकच काम पायजे रं.”

“एका कामाचं यंत्र काय कोण बी करतंय!” मी म्हणालो.

हे वाक्य माझंच आहे. मालकांवर ढकलता आलं असतं, पण मालक त्या खोलीत नव्हते. त्या दिवशी तोंड वळवून तो ओतायला टाकला असता तर पंधरा दिवसांत बिडाचं यंत्र आक्काच्या पुढ्यात आलं असतं. पण मला सातची चटक लागली होती. नमुना मी तिथंच ठेवला, तोवर हाताला सवय होऊ दे म्हणून, आणि चौथ्याच्या मागं लागलो.

चौथ्याला खोबऱ्याची खवणी जोडली, पाचव्याला ताकाची रवी. पाचवा बघायला कारखान्यामागं राहणाऱ्या मास्तरीणबाई आल्या. मालक त्यांना फार मानायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, “खिमाही यातच होणार म्हणता, आणि पुरणही यातच?”

“मधे धुऊन घ्यायचं की बाई,” मालक म्हणाले.

“यंत्र धुवाल हो. मनाचं काय करू? नैवेद्याचं पुरण वाटताना मला तेच आठवत राहणार.”

मालकांना वाटलं, हा बामणाघरचा सोवळ्याचा प्रश्न. ते घरी जाऊन चेष्टेनं सांगायला लागले, तर वहिनीसाहेब ताडकन म्हणाल्या, “मग बरोबरच बोलल्या की त्या! मटणाच्या भांड्यात आपण तरी पुरण शिजवतो व्हय?”

आता आली का पंचाईत! एका यंत्रात सात कामं, हाच तर आमचा सगळा तोरा, आणि घरातल्या बाईला ती कामं एका भांड्यात नकोच होती. शेवटी मी तोड काढली. मधला खांब आणि हँडल एकच, आणि प्रत्येक कामाला निराळं डोकं. खिम्याच्या डोक्याला तांबडा रंग, पुरणाच्या डोक्याला पिवळा. मालकांनी माझी पाठ थोपटली. वाटण्या झाल्या खऱ्या, पण यंत्र इतकं जड झालं की ते उचलायला मी आणि हिंदुराव मोल्डर दोघं लागलो.

फाल्गुन आला. आक्काच्या दारात गिऱ्हाइकं आली, हात बघून हळहळली आणि दुसरीकडं गेली. मी जाऊन सांगायचो, “आठ दिवस थांब.” नंतर नंतर मी जायचंच टाळलं. सातव्या नमुन्यावरून पॅटर्न, पॅटर्नवरून ओतकाम, मग घासकाम, आणि पाडव्याला प्रदर्शनाचं उद्घाटन. पाडव्यापासून तिसऱ्या दिवशी मी तिथं गळ्यात उपरणं घालून उभा राहून सात डोकी बदलून दाखवत होतो, आणि आक्का एसटी स्टँडवर बसली होती. दीर न्यायला आला होता. शालनची वार्षिक परीक्षा तीन आठवड्यांवर होती.

निरोप मला संध्याकाळी कळला. शेजारीण म्हणाली, “तुमची वाट बघून गेल्या. म्हणाल्या, येशाला त्रास दिऊ नका, त्येचं काम मोठं हाय.” मी त्या रिकाम्या खोलीत उभा राहिलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या हातांची लाज वाटली.

प्रदर्शनात काय झालं तेही सांगतो. गर्दी तुफान. पुरुष खूश. एकानं तर विचारलं, यावर उसाचा रस निघेल का. मालक हार घालून बसलेले. चौथ्या दिवशी कसबा बावड्याची एक बाई आली, कडेवर पोर, डोक्यावर पदर. सगळं दाखवून होईपर्यंत ती नीट बघत राहिली. मग सात डोक्यांकडं बोट करून म्हणाली, “लई झ्याक हाय. आन् ही सात डोकी धुणार कोण?”

तंबूतल्या यच्चयावत बायका खो खो हसल्या. पुरुषांना काय झालं ते कळलं नाही. मालकांना कळलं. एक यंत्र विकलं गेलं नाही. प्रदर्शन संपल्यावर ते शेडच्या कोपऱ्यात पोत्याखाली जाऊन बसलं, आणि त्याचं नाव काढायची कुणाची टाप नव्हती.

वर्ष सरत आलं. मी आक्काला दोन पत्रं पाठवली, शालनच्या अक्षरात दोन ओळींचं उत्तर आलं, ‘आम्ही खुशाल आहोत.’ जायचा मला धीर झाला नाही.

माघात राधानगरीजवळच्या एका भातगिरणीचं दातेरी चाक फुटलं. मोडलेल्या चाकाची मापं घ्यायला पॅटर्नमेकर लागतो. मालकांनी मला धाडलं. मापं घेतली, आणि मग मात्र पाय आपोआप वाडीकडं वळले.

दीर शेतावर होता. सोप्यात सातआठ बायका बसल्या होत्या आणि मधे आक्का. वाळली होती, पण आवाज तोच. तिच्या पुढ्यात माझा तिसरा नमुना होता आणि त्यातून कुरडयांचा चीक पडत होता.

मी जवळ गेलो आणि माझं डोकं भणाणलं. नमुन्याचे सगळे कान छाटलेले! भरणीची एका बाजूची कड उतरवलेली, दुसरीकडं टिनाचा पत्रा ठोकलेला. बैठकीच्या डाव्या बाजूला ओबडधोबड खाच खणलेली, आणि तिच्याजवळ बोटभर लांबीचा एक तिरका घाव, खोल. पॉलिशचा मागमूस नाही. सागवान तिखटानं आणि तेलानं लालकाळं झालेलं.

“हे कुणी केलं?” मी ओरडलो. बायका चपापल्या. “कोयता घातलास माझ्या नमुन्यावर? कारखान्यात त्येला कुणी बोट लावायचं धाडस करत नव्हतं!”

“मी केलं,” आक्का म्हणाली. हँडल थांबलं नाही. “ते कान मधी मधी येत हुते. पदर अडकायचा. आन् ते हलतंय म्हणून टाच ठेवाय जागा केली. आल्या आल्या वरडू नगंस, पाणी पी.”

“हलतंय तर मला सांगायचं! शिकंजा बसवून दिला असता.”

“विळी काय शिकंज्यानं बांधत्यात व्हय रं?”

मी पाणी प्यायलो. बायका आपापला चीक घेऊन गेल्यावर आक्का उठली आणि म्हणाली, “बस बघू तिथं.” मी बसलो. विळीवर बसतात तसा एक पाय मुडपून, टाच त्या खाचेत. यंत्र जमिनीला खिळलं. डावा हात हँडलावर आपोआप गेला, उजवा मोकळा राहिला, भरणीत घालायला. मी दहावीस वेढे फिरवले. कुठं अडलं नाही, कुठं सरकलं नाही. सात नमुने केले मी, आणि त्यावर बायकांसारखं बसून एकदाही बघितलं नव्हतं. मी हँडल फिरवत राहिलो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

“तिखट गेलं काय?” आक्कानं विचारलं.

“न्हाय.”

तिनं हँडलाला लागलेला चीक पुसला. मग म्हणाली, “लाकूड हाय, म्हणून मऊ तेवढंच चालतंय. चटणी घातली, की दोन दिवस फुगून बसतंय. बिडाचं असतं तर...”

तेवढ्यात शालन आली, डोक्यावर शेणाची पाटी. मला बघून हसली. शाळेचं नाव तिनंही काढलं नाही आणि मीही काढलं नाही.

नमुना पोत्यात घालून मी एसटीनं कोल्हापूरला आणला आणि तसाच मालकांच्या पुढं फरशीवर ठेवला. म्हटलं, “बसून बघा.” मालकांनी धोतर सावरलं, बसले, टाच खाचेत घातली, फिरवलं. बराच वेळ फिरवलं.

“ह्यो खडू कुणी मारला?”

“आक्कानं. खडूनं न्हवं, कोयत्यानं.”

मालकांनी खिशातला खडू काढला, हातात खेळवला आणि परत खिशात ठेवला. “ओत,” म्हणाले. “आन् येशवंता, ह्येच्यात एक रेघ बी वाढवू नगंस.”

रीतीनं बघितलं तर मी नवा पॅटर्न करायला हवा होता, माझ्या खोट्या पट्टीनं, पॉलिश मारून. लाकूडही काढून ठेवलं होतं. पण मला माझा भरवसा वाटेना. नवा करायला बसलो असतो तर कुठं ना कुठं परत माझं शहाणपण घातलंच असतं. म्हणून आक्काचाच नमुना उभा चिरून दोन फाकी केल्या, टोकांना खुंट्या बसवल्या, आतल्या पोकळीसाठी वाळूचा गाभा पाडायची कोरपेटी वेगळी केली, आणि बाहेरच्या अंगाला हात लावला नाही. यंत्र फुटामागं सूतभर लहान निघणार होतं. निघू दे म्हटलं.

हिंदुरावानं तो वाळूत दाबला आणि जो शिंकायला लागला तो थांबेना. “मिस्त्री, ह्यो पॅटर्न हाय का मिरचीकांडप?” वर्षभराचं तिखट त्या सागवानात मुरलं होतं. खाचेपाशी वाळू दोनदा ढासळली, त्यानं मला चार शिव्या दिल्या आणि तिसऱ्यांदा साचा नीट निघाला. नग ओतून बाहेर आला तेव्हा घासकाम करणारा म्हणाला, “बैठकीवर एक चीर आलीया. भरून घासून टाकतो.” मी बघितलं. कोयत्याचा तो बोटभर तिरका घाव, जसाच्या तसा बिडात उतरला होता.

“राहू दे,” मी म्हणालो. साऱ्या कारखान्यानं माझ्याकडं वळून बघितलं.

पुढं ते यंत्र आम्ही बरीच वर्षं काढलं. फार गाजावाजा झाला नाही, पण खपत राहिलं. बिद्रीपासून पार निपाणीपर्यंत कुणाच्या ना कुणाच्या माळ्यावर ते अजून सापडेल. बैठकीवर डावीकडं हात फिरवून बघा, घाव लागेल. कुणी विचारलं तर आमचा विक्रेता सांगायचा की ती कारखान्याची खूण आहे.

पहिला नग मात्र मी स्वतः वाडीला घेऊन गेलो, आणि येताना आक्का आणि शालन बरोबर होत्या. दीरानं अडवलं नाही, उलट तांदळाचं एक पोतं एसटीच्या टपावर चढवून दिलं. मंगळवार पेठेत तीच खोली नाही मिळाली, पण त्याच बोळात दुसरी मिळाली. फाल्गुन लागला होता. शालनचं वर्ष वाया गेलं ते गेलंच. तिच्या बरोबरीच्या मुली पुढच्या वर्गात गेल्या होत्या. पुढं ती मास्तरीण झाली, आता तीही पेन्शनीत निघाली, पण अजून चारचौघांत मला म्हणते, “मामा, तुमच्या सहा कामांपायी माझं एक वरीस गेलं हं.” सगळे हसतात. मीही हसतो, पण ते वर्ष काही मला परत देता येत नाही.

यंत्र पहिल्यांदा मांडलं तो दिवस सांगून थांबतो. मी ते जमिनीवर ठेवलं. आक्कानं हळदकुंकू वाहिलं आणि बैठकीवरून हात फिरवता फिरवता तिचं बोट घावावर थांबलं.

“अगं बाई! माझा कोयता निसटला हुता तिथं. एवढं तरी भरून घ्यायचं हुतंस. लोकं काय म्हणतील?”

“लोकं म्हणतील, ह्यात सुताराची चूक न्हाय,” मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं एकदा बघितलं. मग पाय मुडपून बसली, टाच खाचेत घातली, भाजलेल्या मिरच्या उजव्या हाताच्या वाकड्या बोटांनी भरणीत लोटल्या आणि डाव्या हातानं हँडल धरलं. एक वेढा, दोन वेढे. चाळणीतून लालभडक तिखट परातीत पडायला लागलं. खोलीभर ठसका लावणारी खाट उठली. शालन खोकत दाराशी पळाली. मी मात्र तोंडाला रुमाल लावून बसून राहिलो, तिनं काही तरी बोलावं म्हणून.

आक्कानं वर बघितलं नाही. हँडल चालू ठेवूनच म्हणाली, “बसलायस काय? ऊठ. शाळा सुटायच्या आत जा आन् पोरीचं नाव घालून ये.”